जुनी गाडी, नवा चालक आणि न विचारलेले प्रश्न

पहिली नोकरी लागली की पहिली गाडी येते, आणि अनेक घरांत ती जुनीच असते. दहा-बारा वर्षे वापरलेली, दीड-दोन लाखांत मिळालेली एखादी पेट्रोल हॅचबॅक. महिनाभरात तिला रुंद अलॉय व्हील लागतात, स्प्रिंग कापून ती खाली बसवली जाते, सायलेन्सर बदलतो, डिकीत स्पीकरचा भलामोठा खोका येतो. मग मुदत संपत आली म्हणून मोबाइलवर पाच मिनिटांत विम्याचे नूतनीकरण होते. गाडीचा नंबर टाकायचा, हप्ता भरायचा, पॉलिसी हातात. गाडी कोण चालवणार, त्याचे वय काय, परवाना मिळून किती महिने झाले, गाडीत काय काय बदलले, याची खोलात चौकशी सहसा होत नाही.

ब्रिटनमध्ये असाच एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा जुन्या, बदल केलेल्या गाडीचा विमा काढायला गेला तर चित्र उलटे दिसते. त्याचे वय, परवान्याची वर्षे, राहण्याचे ठिकाण आणि गाडीतला प्रत्येक बदल आधी विचारला जातो. चाके बदलली, इंजिनाची ताकद वाढवली, गाडी खाली बसवली, की हप्ता चढत जातो. नवशिक्या तरुणाचा हप्ता अनुभवी चालकाच्या कित्येक पट असतो. कधी तो त्या जुन्या गाडीच्या किमतीच्या जवळ पोहोचतो. हप्ता कमी हवा असेल तर वेग, ब्रेक आणि रात्रीचे वाहन चालवणे नोंदवणारे छोटे यंत्र गाडीत बसवून घ्यावे लागते.

हा महागडा हप्ता खिशाला चटका देतो, पण त्याच वेळी एक माहितीही देतो. तरुण चालक, जुनी गाडी आणि मनाने केलेले बदल एकत्र आले की धोका किती वाढतो, ते तो आकड्यात सांगतो. आपल्याकडे ही माहिती हप्त्यातून मिळत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा ‘थर्ड पार्टी’ विमा वर्षाला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या मोटारीचा ३,४१६ रुपये, अधिक कर. चालक एकोणीस वर्षांचा असो की एकोणसाठचा, आकडा तोच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ताही पारंपरिक पद्धतीत गाडीची किंमत, इंजिनाची क्षमता, गाडीचे वय आणि नोंदणीचे शहर यांवर ठरतो. चालकाचे वय त्या हिशेबात नसते.

म्हणून आपल्याकडे हे प्रश्न विचारले जातात ते अपघात झाल्यावर. आधी आपत्कालीन विभागातले डॉक्टर विचारतात, मग विमा कंपनीचा सर्व्हेअर आणि शेवटी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. त्या वेळी उत्तरे बदलता येत नाहीत. ती आधीच शोधलेली बरी.

मेंदूचे वय आणि परवान्याचे वय

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे जगभरातील पहिले कारण रस्ते अपघात हे आहे. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्या वर्षीच्या बळींपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयाचे होते. जगभर पाहिले तर रस्त्यावर मरणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या साधारण तिप्पट आहे.

याचे एक कारण मेंदूच्या वाढीत सापडते. कपाळामागचा मेंदूचा भाग परिणामांचा विचार करणे, मोह आवरणे आणि धोक्याचा अंदाज घेणे ही कामे करतो. हाच भाग सर्वांत उशिरा, विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. थरार आणि शाबासकी यांना प्रतिसाद देणारी यंत्रणा मात्र किशोरवयातच जोरात असते. अठरा-वीस वर्षांच्या मुलाचे हात-पाय चपळ असतात, नजर तीक्ष्ण असते, प्रतिक्षिप्त क्रिया वडिलांपेक्षा वेगवान असतात. तरीही अपघात जास्त होतात, कारण कमतरता चपळाईची नसून धोका आधी ओळखण्याची असते. थांबलेल्या एसटीच्या पुढून कोणी तरी धावत येईल, हे अनुभवी चालकाला माणूस दिसण्यापूर्वीच जाणवते. नवशिक्याला ते माणूस दिसल्यावर कळते.

परवाना मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे. समवयस्क मित्र गाडीत असले की धोका आणखी वाढतो. रात्रीच्या वेळी पुन्हा वाढतो. गाडी बदलून घेण्यामागची हौस याच वयातली, मित्रांना फेरी मारून आणण्याची वेळ बहुधा रात्रीची आणि मागची सीट भरलेली. तिन्ही गोष्टी एकाच प्रवासात जमतात.

गाडीचे वय म्हणजे काय

जुनी गाडी नीट राखलेली असेल तर ती धावते, पण ती ज्या काळात बनली त्या काळाची सुरक्षा घेऊन धावते. भारतात नव्या मोटारींना चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ मध्ये. चाके लॉक होऊ न देणारी एबीएस ब्रेक यंत्रणा सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली ती एप्रिल २०१९ पासून. समोरून आणि बाजूने धडक देऊन घेतल्या जाणाऱ्या चाचण्यांचे नियम ऑक्टोबर २०१७ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्याआधीच्या अनेक गाड्यांच्या स्वस्त प्रकारांत यातले काहीच नव्हते. २०१४ च्या सुरुवातीला भारतात लोकप्रिय असलेल्या पाच छोट्या मोटारींच्या प्राथमिक प्रकारांची आंतरराष्ट्रीय धडक-चाचणी झाली, तेव्हा प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. आज दीड-दोन लाखांत मिळणाऱ्या गाड्यांत त्या पिढीच्या गाड्या बऱ्याच असतात.

याचा शरीरावरचा अर्थ सरळ आहे. धडकेत गाडीचा पुढचा भाग नियंत्रितपणे चुरगळला तर थांबण्याला काही अंतर मिळते आणि शरीरावरचा ताण कमी होतो. तसे झाले नाही तर स्टिअरिंगचा दांडा छातीवर येतो, गुडघे डॅशबोर्डवर आपटून मांडीचे हाड मोडते किंवा खुब्याचा सांधा निखळतो, डोके काचेवर जाते. सीट बेल्ट लावला असेल तर पुढच्या सीटवरील माणसाच्या मृत्यूचा धोका सुमारे निम्म्याने कमी होऊ शकतो. पण पंधरा वर्षे वापरलेला पट्टाही झिजतो, त्याची कुलपी सैल होते, आणि सीट कव्हर घालताना मागच्या सीटचे पट्टे बहुतेक वेळा गादीखाली गाडले जातात.

टायरचे वय तर कोणी पाहतच नाही. टायरच्या कडेला चार आकड्यांचा शिक्का असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी खोल दिसली तरी जुने रबर कडक झालेले असते आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी होते.

पकड कमी झाली की काय होते, याचा ढोबळ हिशेब असा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तोवर गाडी २५ मीटर पुढे जाते. चांगले टायर आणि कोरडा रस्ता असेल तर पुढे आणखी २० मीटरवर ती थांबते. टायर कडक किंवा रस्ता ओला असेल तर हेच अंतर ३० मीटरच्या घरात जाते. वेग ताशी ८० झाला तर चांगल्या स्थितीतही एकूण ६५ ते ७० मीटर लागतात. वेग साठाचा ऐंशी होतो तेव्हा धडकेतली ऊर्जा जवळपास ७८ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. हाडांची आणि मेंदूची सहनशक्ती मात्र तेवढीच राहते.

हौसेचे बदल, शरीराचा हिशेब

गाडीत केलेला प्रत्येक बदल घातक नसतो. चांगली सीट कव्हर, योग्य मापाचे नवे टायर, नियमात बसणारा म्युझिक सिस्टिम यांनी बिघडत काही नाही. प्रश्न असतो तो गाडीच्या मूळ रचनेला धक्का लावणाऱ्या बदलांचा.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली की तिला खड्डा पचवायला जागा उरत नाही. हादरा सरळ गाडीच्या सांगाड्यात आणि तिथून मणक्यात जातो. टायर क्षणभर रस्ता सोडतो आणि नेमक्या त्याच क्षणी ब्रेक लावला तर तो लागत नाही. स्पीडब्रेकरवर पोट घासून तेलाची टाकी किंवा इंधनाची नळी फुटू शकते. मापाबाहेरची मोठी चाके लावली तर स्पीडोमीटर खोटे बोलू लागतो. चाकाचा एकूण घेर पाच टक्क्यांनी वाढला, तर काटा साठावर असताना गाडी प्रत्यक्षात ६३ ने धावत असते. रुंद टायर पूर्ण वळणावर मडगार्डला घासतो तो वेगळाच.

मूळ स्टिअरिंग काढून छोटे ‘रेसिंग’ स्टिअरिंग बसवले की त्यातली एअरबॅग गेली. सीटमध्येच बाजूची एअरबॅग असलेल्या गाडीला जाड, घट्ट कव्हर घातले तर ती उघडायला अडचण येते. पुढे लावलेला लोखंडी बुल बार गाडीला रुबाब देतो, पण धडकेचा झटका सांगाड्याला वेगळ्या वाटेने पोहोचवतो, एअरबॅगच्या संवेदकाच्या वेळेत घोटाळा करू शकतो आणि पादचाऱ्याच्या मांडीवर किंवा लहान मुलाच्या डोक्यावर पोलादी दांडा आणून ठेवतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच अशा बुल बारवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले होते.

डिकीतला किंवा मागच्या सीटवरचा स्पीकरचा खोका कोणाला धोका वाटत नाही. तो वीस किलोचा आहे आणि नीट बांधलेला नाही असे धरू. ताशी ५० च्या वेगाने धडकून गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर त्या खोक्याला जागेवर धरून ठेवायला सुमारे ४०० किलो वजनाइतका जोर लागेल. सीटची पाठ तो जोर पेलेलच असे नाही, आणि त्या पाठीला टेकून माणूस बसलेला असतो.

आवाजाचे गणितही असेच फसवे आहे. आठवडाभरात ८० डेसिबल आवाज ४० तास सहन होतो. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. काचा बंद करून मोठ्या स्पीकरवर गाणी आणि बाहेर फाटलेला सायलेन्सर असा दुहेरी मारा रोज असला, तर तिशीतच कानात शिट्टी वाजू लागते. शिवाय अँब्युलन्सचा सायरन आणि मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही.

विजेच्या जोडण्या हा आणखी एक दुर्लक्षित भाग आहे. जास्त वॅटचे दिवे, फॉग लॅम्प, अ‍ॅम्प्लिफायर हे सगळे फ्यूज आणि रिले न लावता थेट बॅटरीवरून ओढले, तर जुनी वायर तापते. जुन्या गाडीत तिचे आवरण आधीच ठिसूळ झालेले असते. गाडीने अचानक पेट घेण्याच्या घटनांमागे अशा जोडण्या असू शकतात, आणि भाजलेल्या रुग्णाचे उपचार हे सर्वांत लांबणारे, सर्वांत वेदनेचे उपचार असतात.

न दिसणारा वायू

सायलेन्सर बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याची एक पद्धत आहे. आवाज भरदार होतो म्हणून हौस भागते. हा भाग कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू बरेच निष्प्रभ करत असतो. तो गेला, नवा पाइप नीट जोडला नाही आणि जुन्या गाडीच्या तळाला गंजून भोके पडलेली असतील, तर हा वायू गाडीत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, गरगरते, झोप येते. लांबच्या प्रवासात ही लक्षणे थकव्याची किंवा ‘गाडी लागल्याची’ समजली जातात. काचा बंद, एसी चालू, गाडी उभी आणि आत झोपलेली माणसे ही परिस्थिती सर्वांत वाईट. झोपेतच बेशुद्धी येते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर येथे फसवतो, कारण त्याला ऑक्सिजन चिकटलेले आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही. आकडा ९८ दिसतो आणि माणूस गुदमरत असतो.

गाडीत बसलेल्या एकाहून अधिक जणांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटले, तर संशय वायूचा घ्यावा. सर्वांना गाडीबाहेर काढून रुग्णालयात न्यावे. उपचार ऑक्सिजनचा आहे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर सुमारे तास-दीड तास.

पॉलिसीत काय असते, काय नसते

आता विम्याकडे. गाडी जुनी झाली की ‘कशाला फुल इन्शुरन्स’ म्हणून फक्त थर्ड पार्टी विमा ठेवण्याकडे कल असतो. कायद्याने तेवढाच सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा कैद होऊ शकते. मात्र या विम्यात कोणाला संरक्षण आहे, हे पॉलिसी वाचल्याशिवाय कळत नाही.

गाडीने रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर त्याची भरपाई थर्ड पार्टी विम्यातून होते. गाडीत मागे बसलेले मित्र मात्र सर्वसाधारणपणे या विम्यात धरले जात नाहीत. खासगी मोटारीतील प्रवाशांना संरक्षण मिळते ते सर्वसमावेशक पॉलिसीत. सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केलेला आहे. चार मित्र लोणावळ्याला निघाले आणि घाटात गाडी कठड्यावर आदळली, दुसरे वाहन नाहीच, तर फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्या गाडीत त्या चौघांच्या उपचारांचा आणि अपंगत्वाचा भार घरच्यांवर येऊ शकतो.

दुसरी पोकळी चालकाची. ‘मालक-चालक’ वैयक्तिक अपघात विमा १५ लाख रुपयांचा असतो. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास तो मिळतो. पण तो आरसीवर ज्याचे नाव आहे आणि ज्याच्याकडे वैध परवाना आहे त्याचाच असतो. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, ही घरोघरची व्यवस्था. त्या मुलाला हा विमा लागू होत नाही. उसनी घेतलेली गाडी स्वतःच्या चुकीने ठोकली, तर चालक मालकाच्याच जागी उभा आहे असे न्यायालये मानतात आणि थर्ड पार्टीतूनही त्याला काही मिळत नाही. शिवाय हा अपघात विमा रुग्णालयाचे बिल भरत नाही. त्यासाठी आरोग्य विमा वेगळा लागतो.

तिसरी पोकळी बदलांची. स्टिरिओ, अ‍ॅम्प्लिफायर, अलॉय व्हील अशा नंतर बसवलेल्या वस्तू पॉलिसीत स्वतंत्रपणे, किमतीसह नोंदवल्या तरच त्यांची भरपाई मिळते. पारंपरिक दरपत्रकात विद्युत उपकरणांसाठी त्यांच्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता आहे. नंतर बसवलेल्या सीएनजी किटसाठीही किमतीच्या चार टक्के आणि थर्ड पार्टीपोटी ६० रुपये. पन्नास हजारांच्या किटसाठी वर्षाला दोन हजार साठ रुपये. एवढी रक्कम वाचवण्यासाठी किट लपवले जाते आणि गाडी पेटली की पहिला आक्षेप त्याच किटवर येतो.

कायदाही येथे कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत. इंधन बदलासारख्या मोजक्या बदलांना ठरलेल्या पद्धतीने परवानगी मिळते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. मनाई असलेल्या बदलांसाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आणि मनाई असलेला बदल विमा कंपनीला कळवला म्हणून तो कायदेशीर होत नाही. असा बदल काढून टाकणे हाच मार्ग आहे.

अपघातानंतरचा हिशेब

बदल केलेल्या गाडीने रस्त्यावरच्या माणसाला इजा केली तर विमा कंपनी भरपाईतून सहज सुटत नाही. २००४ च्या एका महत्त्वाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली वाट अशी की, पॉलिसीच्या अटीचा भंग झाला असला तरी पीडिताला पैसे कंपनीने द्यावेत आणि भंग सिद्ध झाल्यास ते मालकाकडून वसूल करावेत. जखमी माणसासाठी ही मोठी सोय आहे. पण वैध परवाना नसलेल्या मुलाच्या हाती गाडी दिलेल्या बापासाठी तिचा अर्थ घर-शेतीवर येणारी वसुली असा होऊ शकतो. चालक अठराच्या आतला असेल तर पालकाला २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द अशी तरतूद आहे.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत सर्व्हेअर पाहतो ते बदलाचा आणि अपघाताचा संबंध. चाक निखळले आणि ते मापाबाहेरचे होते, आग लागली आणि वायर थेट बॅटरीवरून होती, तर दावा अडकतो. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर, घसारा-माफीची जोड नसेल तर, निम्मी किंमत कापली जाते. रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरीवरही तेवढीच.

जखमीच्या उपचारांसाठी पैशांची वाट पाहण्याची गरज मात्र नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात. त्यासाठी गाडीचा विमा होता की नाही, हा प्रश्न आड येत नाही. १०८ वर फोन करावा. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. पण मेंदूला मार लागलेल्या, मणका मोडलेल्या तरुणाचा लढा सात दिवसांत संपत नाही. फिजिओथेरपी, पुन्हा शस्त्रक्रिया, नोकरीतला खंड आणि घरातल्या एकाने त्याच्याजवळ थांबणे, हा खर्च पुढे वर्षानुवर्षे चालतो.

आधी करायची कामे

• जुनी गाडी घेताना टीटी फॉर्मवर सह्या घेऊन थांबू नये. आरसीवर नाव चढवावे आणि हस्तांतरणापासून चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ आपल्याला मिळत नाही.

• गाडी पंधरा वर्षांची होत असेल तर पासिंगची तारीख पाहावी. नोंदणीचे नूतनीकरण झालेले नसेल तर ती गाडी रस्त्यावर आणू नये.

• आधीच्या मालकाने केलेले बदल ओळखीच्या मेकॅनिककडून, गाडी वर उचलून तपासून घ्यावेत. स्प्रिंग, सायलेन्सरचे जोड, इंधनाच्या नळ्या, वायरिंग, टायरवरील तारीख आणि पाचही सीट बेल्ट पाहावेत.

• सीएनजी किट असेल तर ते मान्यताप्राप्त आहे का, आरसीवर नोंद आहे का आणि सिलिंडरची तीन वर्षांनी करायची दाबचाचणी झाली आहे का, हे पाहावे.

• कायद्यात बसणारे बदल विमा कंपनीला ई-मेलने, बिलासह कळवावेत आणि पॉलिसीवर नोंद करून घ्यावी. एजंटला तोंडी सांगितलेले पुरावा ठरत नाही.

• चालवणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांच्यासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा आणि आरोग्य विमा घ्यावा. गाडी जुनी असली तरी प्रवाशांना संरक्षण देणारी पॉलिसी घ्यावी.

• पहिले वर्षभर घरातल्या घरात काही नियम ठेवावेत: रात्री उशिरा गाडी नाही, मित्रांची पूर्ण गाडी नाही, मागच्या सीटवरही बेल्ट. परदेशात काही ठिकाणी नवशिक्यांवर हेच निर्बंध कायद्याने असतात आणि तिथे त्यांचा उपयोग दिसून आला आहे.

अलॉय व्हीलसाठी साठवलेल्या पैशांत चार नवे टायर, ब्रेकची पूर्ण दुरुस्ती आणि सर्वसमावेशक विमा यांतले बरेच काही बसते. गाडी त्यामुळे मित्रांच्या फोटोत उठून दिसणार नाही. पावसाळी रात्री एसटीच्या पुढून कोणी धावत आले तर ती काही मीटर आधी थांबेल.

आपल्याकडच्या विम्याचा हप्ता तरुण चालकाला त्याचा धोका सांगत नाही. तो सांगण्याचे काम घरातल्या मोठ्यांनी, गाडी विकणाऱ्याने, गॅरेजवाल्याने आणि सर्वांत आधी त्या तरुणाने स्वतःच करायचे आहे.